हावड्याचे साडेदहा

"मास्तर, भुसावळला जायाला किती भाकऱ्या लागतीन?"

तिकिटाच्या खिडकीत बसून आयुष्यभर जेवढे प्रश्न ऐकले, त्यांत मला हा सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. विचारणारी बाई विठ्ठलवाडीकडची आगरी होती. नवरा रूळ टाकणाऱ्या टोळीबरोबर तिकडे गेलेला, ती त्याच्याकडे निघाली होती. मी ऐटीत तिला मैल सांगितले, मग तास सांगितले. तिनं दोन्ही निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ता झाला. पन भाकऱ्या किती?"

मी मनात हिशेब केला आणि म्हटलं, "सहा बांध. गाडी घाटात रखडली तर आठ."

बाई खूश होऊन गेली. त्या दिवशी मला कळलं की मैल कुणालाच कळत नाहीत. माणसाला किती वेळा भूक लागेल ते कळतं, मागे राहिलेल्यांना किती दिवस वाट बघावी लागेल ते कळतं. बाकीचं सगळं कागदावरचं.

मी नोकरीला कधी लागलो, बढती कधी मिळाली, कुठल्या साहेबानं पाठ थोपटली हे इथे सांगत बसत नाही. त्यात माझ्या बायकोलाही कधी गोडी वाटली नाही, मग दिवाळीच्या फराळाबरोबर वाचणाऱ्यांना काय वाटणार! माझी बहुतेक नोकरी कल्याण जंक्शनात गेली. अर्धा वेळ तिकिटाच्या खिडकीत, अर्धा वेळ तारयंत्रापुढे. कल्याणला लोहमार्गाच्या दोन वाटा फुटतात. एक थळघाट चढून नाशिक, भुसावळ, जबलपूर, अलाहाबाद करत पार कलकत्त्याला जाते. दुसरी बोरघाट चढून पुण्याकडे आणि पुढे मद्रासला. त्यामुळे साऱ्या हिंदुस्थानाचं अंतर विचारायला लोक माझ्याच खिडकीत येत. किती लांब, किती वेळ, कधी पोचू. तिकीट देणं हे काम पाच मिनिटांचं. या तीन प्रश्नांची उत्तरं देण्यात माझी हयात गेली.

आता बाहेरच्या माणसाला यातली मेख सांगायला हवी, नाहीतर पुढची हकीकत कळायची नाही. त्या काळी प्रत्येक गावाची वेळ निराळी असे. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा. पण गाडी शंभर गावांतून जाणार. तिनं कुणाकुणाचे बारा मानायचे? म्हणून रेल्वेवाल्यांनी साऱ्या मुलखात मद्रासची वेळ धरली. रोज ठरल्या वेळी मद्रासहून तारेनं इशारा यायचा आणि आम्ही स्टेशनातलं घड्याळ त्याला जुळवायचो. मद्रास आपल्या पूर्वेला, तिथे सूर्य आधी येतो. म्हणून स्टेशनातलं घड्याळ कल्याण गावाच्या अर्धा तास पुढे. म्हणजे गाडी दोनला असली तर ती गावच्या दीडलाच निघून जायची.

आणि लोक गावच्या वेळेनं कचेरीत तासांचा टोल पडायचा, तो ऐकून यायचे! रोज कुणीतरी हुकायचं. एकदा मानपाड्याचे एक म्हातारबुवा, सोबत चार माणसं, डोक्यावर गाठोडी, लेकीच्या सासरी कसलंसं कार्य होतं त्याला निघालेले. टोल दोन वाजता पडला तेव्हा ते ऐन फलाटावर, आणि गाडी पार शहाडच्या पलीकडे.

"गेली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"अर्धा तास झाला, बाबा."

"दोनची गारी दोनच्या आधी कशी जाल?"

मी त्याला मद्रास समजावलं. सूर्य समजावला. त्यानं हात कपाळावर धरून आभाळात बघितलं, मग माझ्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हंजी सूर्व खोटा न तुमचा घरयाल खरा, असाच ना?" आता सरकारनं साऱ्या देशाला एक वेळ लावून दिली आहे, तरी मुंबई रुसल्यासारखी आपलीच वेळ धरून बसली आहे. त्या म्हाताऱ्याला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

मग मी एक उपाय केला. एक वही घातली. त्यात मोठ्या गावांची नावं, रुळांच्या वाटेनं मैल, लागणारा वेळ, आणि पोचल्यावर गावच्या घड्याळात किती वाजलेले असतील ते. शेवटचा रकाना माझा स्वतःचा, कुणी सांगितलेला नव्हे. कोरं पान उरलं म्हणून पाखराच्या वाटेचे मैलही लिहिले. नकाशावर दोरा ताणून दोन गावांमधलं सरळ अंतर मोजायचं, ते पाखराचं. मुंबईपासून कलकत्ता पाखराला हजारएक मैल, आणि आमची मेल जबलपूर-अलाहाबादचा वळसा घेऊन चौदाशेच्या घरात जाणार. हल्ली माणसं यंत्रात बसून उडू लागली आहेत असं छापून येतं. खरं असेल तर तो रकाना पुढेमागे कुणाच्या उपयोगी पडेल. माझ्या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता, पण दोरा ताणायला मजा यायची.

दोरा ताणायला मला शिकवलं लेले मास्तरांनी. ठाण्याच्या शाळेत ते आम्हाला भूगोल आणि गणित शिकवायचे. उंच, सडसडीत, पागोट्याची एक घडी हललेली मी कधी पाहिली नाही. वर्गात नकाशा टांगायचे आणि नाव घेऊन उठवायचे, "सदाशिवा, लंडनहून मुंबईला ये बघू." मग समुद्र, खाड्या, बंदरं सांगत यायचं. एखादं बंदर चुकलं की छडी. आणि एवढं जग हिंडवून आणणारा हा माणूस शाळा सुटली की थेट घरी जायचा, विहिरीवर आंघोळ करायचा आणि सोवळं नेसून संध्येला बसायचा. शाळेतल्या खडूचाही त्यांना विटाळ होतो, असं आम्ही पोरं म्हणायचो.

त्यांचा एकुलता एक मुलगा रघुनाथ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. हुशार फार. तो मुंबईला जाऊन डॉक्टरी शिकला. तिथे प्रेतं चिरावी लागतात हे मास्तरांना आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण ऐकून माहीत असणं निराळं आणि मुलानं सुट्टीत घरी येऊन जेवताना सहज सांगणं निराळं. मास्तर पानावरून उठले. "प्रेतं चिरणाऱ्या हातचं पाणी या घरात कुणी पिणार नाही," एवढंच बोलले. रघूनं दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलली. पुढे सरकारी दवाखान्यात नोकरी धरून तो लांब पाटण्याकडे गेला. पाच वर्षं पत्र नाही. घरात त्याचं नाव घ्यायची सोय नाही. काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक.

अशात एका सोमवारी दुपारी मास्तर माझ्या खिडकीत उभे. हातात तार. मी उठून उभा राहिलो, आयुष्यभराची सवय. त्यांनी तार आत सरकवली. रघूची होती, इंग्रजीत. रंगूनला बदली झाली, गुरुवारी दुपारी बाराला कलकत्त्याहून बोट, इच्छा असल्यास यावे.

रंगून म्हणजे समुद्रापलीकडे. तिकडे तेव्हा तापानं माणसं पटापट मरत, डॉक्टरसुद्धा. एकदा बोट सुटली की बापलेकांची पुन्हा गाठ पडेल की नाही, कुणी सांगावं. हे मास्तरांनी बोलून दाखवलं नाही, आणि मला सांगायची गरज नव्हती.

"पोचेन का रे?" त्यांनी विचारलं.

मी वही उघडली. छाती फुगली होती हे कबूल करतो. ज्यांच्या छड्या खाल्ल्या ते मास्तर आज मला भूगोल विचारत होते! "आज दिवेलागणीला मेल. मंगळवार, बुधवार गाडीत. गुरुवारी सकाळी साडेदहाला हावडा. आणि मास्तर, हे साडेदहा रेल्वेचे बरं का. गावची वेळ अर्धा तास मागे असते. म्हणजे कलकत्त्यात तेव्हा दहाच वाजलेले असतील. बोट बाराला. दोन तास हातात."

मास्तरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "दोन तास?"

"पुरे दोन तास."

"तीन दिवसांचा पारोसा मी. असाच जाऊ त्याच्यापुढे?"

"छे हो! गंगा तिथेच आहे. निवांत आंघोळ करा, संध्या करा, मग पूल ओलांडून जा. घाई कशाला?"

माझ्यामागे तारयंत्र टकटकत होतं, त्यांच्यामागे सातआठ माणसं खोळंबली होती. "बरं," म्हणाले आणि तिकीट घेऊन बाजूला झाले. संध्याकाळी गाडीत बसवायला मी गेलो. बरोबर पाण्याचा तांब्या, पोह्यांची पुरचुंडी आणि काकूंनी दिलेला एक डबा. डबा कुणासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आठवड्याभरानं एका सकाळी ते परतले. मी खिडकी सोडून फलाटावर धावलो. मास्तर गाडीच्या पायरीवरून सावकाश उतरत होते, काकूंचा डबा हातात तसाच.

"भेट झाली?"

"नाही." पागोटं सारखं केलं. "बोट सुटली होती. आंघोळीला वेळ लागला."

मी डबा त्यांच्या हातातून घेतला. तेच म्हणाले, "तुझा हिशेब चोख होता हो. साडेदहाला गाडी हावड्यात, मिनिट इकडचं तिकडे नाही."

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याखाली हायसंही वाटलं. आपली वही बरोबर होती! माणूस मुलाला भेटल्यावाचून परत आला आणि मी मनात वहीची पाठ थोपटत होतो. अशी असते हो नोकरी.

ठाण्यात मात्र ही गोष्ट निराळ्याच थाटात पसरली. संध्या टाकून मुलाच्या मागे धावले नाहीत, केवढी ही निष्ठा, असं म्हणत देवळात लोक मास्तरांना वाट करून देऊ लागले. एका शास्त्रीबुवांनी तर चारचौघांत त्यांना नमस्कार केला. मास्तर मान खाली घालून निघून गेले म्हणे. लोकांना तो विनय वाटला.

पुढे महिन्याभरात आमच्या तारेच्या खोलीत एक बंगाली बाबू बदलून आला. गप्पिष्ट, पान खाणारा, भला माणूस. एके दिवशी मानपाड्याच्या म्हाताऱ्याचा किस्सा मी त्याला रंगवून सांगितला. तो खूप हसला आणि म्हणाला, "तुमचं बरं आहे, तुमच्याकडे गाव मागे आणि रेल्वे पुढे. आमच्या कलकत्त्यात उलटं. गावचं घड्याळ रेल्वेच्या अर्धा तास पुढे."

"पुढे?"

"पुढेच असणार. मद्रासच्याही पूर्वेला ना आम्ही!"

मी वही ओढली. कल्याणला अर्धा तास मागे, भुसावळला त्याहून कमी, जबलपूरला जवळपास काहीच नाही. हे तिन्ही आकडे माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होते. फरक कमी होत होत शून्यावर आला, तर पुढे तो उलटा वाढणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आम्ही पडलो पश्चिमेचे. इथून पुण्या-नाशकापर्यंत कुठेही जा, गावचं घड्याळ रेल्वेच्या मागेच. रोज वजा करून करून मला वजाबाकीची इतकी सवय झाली होती की बेरीजही असते हे मी विसरलो होतो. हावड्याचे साडेदहा म्हणजे कलकत्त्याचे दहा नव्हेत, अकरा वाजून गेलेले! दोन तास नव्हे, तासही पुरता नाही. आणि मी त्यांना सांगितलं, निवांत आंघोळ करा.

चार रविवार मी ठाण्याला जायला निघायचो आणि नाही जायचो. काय सांगणार? मास्तर स्वतःलाच दोष देत होते, लोक त्यांना पूज्य मानत होते, सगळं आपसूक झाकलं गेलं होतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळायचं नव्हतं. पण जेवण जाईना. तारेवर चुका होऊ लागल्या. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, काय असेल ते एकदा जाऊन बोला. माझ्यावर का डाफरता?"

पाचव्या रविवारी गेलो. मास्तर संध्याकाळी तळ्याच्या काठानं फिरायला जात. तिथेच गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वही बरोबर नेली होती, ती चुकलेली ओळही दाखवली. मग थोबाडीत बसायची वाट बघत उभा राहिलो.

मास्तरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "पृथ्वी कुठून कुठे फिरते?"

"अं? पश्चिमेकडून पूर्वेकडे."

"मग सूर्य आधी कुणाला दिसतो?"

"पूर्वेकडच्यांना."

"कलकत्ता कुठे?"

मी मान खाली घातली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग गाढवा, तुझ्या चुकीनं मी फसेन असं तुला वाटलंच कसं?"

मी वर पाहिलं. ते तळ्याकडे बघत होते. "तू खिडकीत बोललास तेव्हाच कळलं मला. कान धरणार होतो, पण मागे माणसं उभी होती. घड्याळ मी मोगलसराईलाच पुढे करून ठेवलं. हावड्याला उतरलो तेव्हा कलकत्त्याचे अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. पूल ओलांडला की धक्का. गाडी केली असती तर पाव तास."

"मग आंघोळ..."

"आंघोळ केली. संध्या केली. गायत्री एकशेआठ. झाली. पुन्हा धरली. पुन्हा झाली, पुन्हा धरली." मग म्हणाले, "मी बाहेरून आलो की रघू पाण्याचं भांडं घेऊन पुढे यायचा. चार वर्षांचा होता तेव्हापासून. धक्क्यावरही त्यानं तेच केलं असतं. ते भांडं मी घेईन की नाही, हे मला ठरवता येईना. चौदाशे मैल गाडीत बसून ठरलं नाही. पाण्यात उभं राहून ठरेना. बोटीचा भोंगा झाला तेव्हा डोळे उघडले."

मला रडू आलं आणि सपाटून रागही आला. महिनाभर मी झुरलो, आणि यांना सगळं ठाऊक होतं! "मग आंघोळीला वेळ लागला असं का सांगत होता सगळ्यांना?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मास्तरांशी तसं बोललो तो तेवढाच प्रसंग.

"खोटं कुठे सांगितलं?" ते म्हणाले. "लोकांनी त्याचा धर्म केला, त्याला मी काय करू? मागे त्या शास्त्र्यानं नमस्कार केला ना, तेव्हा मला माझी शिसारी आली. पोरगं बोटीच्या कठड्याला उभं राहून बघत होतं रे काठाकडे. मला दिसला तो. मी त्याला दिसलो की नाही, देव जाणे."

आम्ही बराच वेळ चालत राहिलो. तळ्याला एक फेरी पुरी झाली. मग ते थांबले आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "रंगूनला किती दिवस लागतात?"

मला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"मला. कलकत्त्यापर्यंत ठाऊक आहे. पुढचं सांग."

"मास्तर, समुद्र ओलांडावा लागेल."

"मला भूगोल शिकवतोस?"

"तसं नव्हे हो. परत आल्यावर लोक पंगतीला घेणार नाहीत. आता नमस्कार करणारेच दार लावून घेतील."

"घेऊ देत. नमस्कारापेक्षा ते बरं."

मला विचारायचं धाडस नव्हतं, पण विचारलं. "आणि पाण्याचं?"

"ते ठरलं. म्हणून तर वेळ विचारतोय."

या खेपेला मी वहीला हातही लावला नाही. बंगाली बाबूला समोर बसवलं, कलकत्त्याच्या तारवाल्यांकडून बोटींचे वार मागवले, आणि कागदावर गावची वेळ आणि रेल्वेची वेळ शेजारी शेजारी लिहिली. बाबूनं दोनदा तपासली, मी चारदा. मास्तरांनी तो कागद घेतला, एका जागी लाल पेन्सिलीनं मी केलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली आणि खिशात घातला. रघूला तार मी स्वतः ठोकली. मास्तर बोटीवर शिजलेलं खाणार नव्हते. काकूंनी पोहे, लाडू, खजूर असं बांधून दिलं होतं. कल्याणला गाडीत चढताना ते दोनदा पायरी चुकले. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "म्हातारा झालोय. दुसरं काही नाही." दुसरं पुष्कळ काही होतं. पण गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून हलले नाहीत.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते मी सांगत नाही. यंत्र टकटकलं की मी बाबूच्या आधी उडी मारायचो. धान्याचे भाव, साहेबांचे दौरे, कुणाचं बारसं, कुणाचं मरण, सगळं यायचं. मग एका सकाळी एक तार उतरून घेताना ठाणे असं नाव आलं, त्यापुढे लेले. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. बाबूनं शेजारून ऐकून पुरी केली. खरं तर ती ठाण्याच्या तारवाल्यानं घरी पोचवायची. पण वाटेत ऐकलेली तार हातानं न्यायला कुठल्या कायद्यात मनाई आहे हे मी तेव्हाही विचारलं नाही. बाबूला म्हटलं, सांभाळ, आणि मिळाली त्या गाडीनं ठाणं गाठलं.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला घाईघाईनं येताना पाहून सूप हातातून सुटलं.

"चांगली बातमी आहे, काकू," मी आधी तेच ओरडलो आणि मग तार मराठीत करून वाचली. "काल सुखरूप पोचलो. रघू धक्क्यावर न्यायला आला होता."

त्यांनी ती दोनदा वाचून घेतली. डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, "आत्ता तिकडे किती वाजले असतील रे?"

मी घड्याळ काढलं. ठाण्याचे दहा. सावकाश, पूर्वेकडे, बेरीज करत गेलो. मद्रासचा अर्धा तास, कलकत्त्याचा अर्धा, रंगूनचा आणखी अर्धा. "साडेअकरा, काकू."

"म्हणजे जेवणं झाली असतील."

"झाली असतील."

"दोघांची?"

"दोघांची."

"एका पंगतीला?"

तारेत तसं काही नव्हतं. पण मला तळ्याकाठचे मास्तर आठवले आणि मी म्हटलं, "हो."

मास्तर बोटीवर चढले त्या दिवसापासून काकूंनी शिजलेलं तोंडाला लावलं नव्हतं. ते जे खातील तेवढंच, पोहे आणि खजूर. हे मला त्यांच्या शेजारणीनं त्याच वेळी कुंपणावरून सांगितलं आणि वर म्हणाली की आता तरी त्यांना जेवायला सांगा. पण सांगावं लागलं नाही. काकू ओसरीवर सांडलेले तांदूळ गोळा करून सुपात घेत होत्या.

"मग आता मी जेवले तरी चालेल," त्या म्हणाल्या, आणि चूल पेटवायला आत गेल्या.